गिऱ्हाईक नसताना कर्ज

आता लोणावळ्याचंच बघा. 2020 च्या पावसाळ्यात भुशी धरणावर पर्यटकांना बंदी होती. कणसं भाजून विकणाऱ्याची वर्षाची मुख्य कमाई तेव्हाच व्हायची, ती बुडाली. सरकारने दिलं काय? पीएम स्वनिधीतून 10,000 रुपयांचं कर्ज, वर्षभरात हप्त्यांनी फेडायचं. वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के सवलत. अहो, शेगडी काय भांडवलावाचून विझली होती? गिऱ्हाईकच नव्हतं!

1972 च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीने खडी फोडणाऱ्याला थेट मजुरी दिली. नंतरच्या मनरेगानेही मजुरीच दिली, पण ग्रामीण भागात. मावळातल्या खेड्यात काम मागता यायचं; लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत नाही. रेशनवर मोफत धान्य मिळालं, हे मान्य. पण खोलीचं भाडं तांदळात थोडंच देता येतं?