महिना-दोन महिने गप्प बसा

नेटवर कसं वागावं हे सांगणारा, सॅली हॅम्ब्रिज यांचा ऑक्टोबर १९९५चा 'आरएफसी १८५५' मी पुन्हा वाचला. एरवी दर सप्टेंबरात यूजनेटवर नवे विद्यार्थी येत, जुने त्यांना वळण लावत. १९९३-९४मध्ये एओएलचे ग्राहक लोटले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. त्या धास्तीची छाया मला या मजकुरावर दिसते: लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा. सल्ला शहाणाच. कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, हेही खरं; देवनागरीत ती सोय नाही, तरी आपलं काही अडलेलं नाही! पण येईल ते उदारपणे घ्या, हे मात्र एका ओळीत आटोपलंय. माझ्या पहिल्या रोमन-मराठी प्रतिसादाची खिल्ली उडवणाऱ्यांना बाकीचे सगळे नियम तोंडपाठ होते. मी नंतर वर्षभर तिथं काही लिहिलं नाही.