युद्धखेळातील तोफखाना आणि तुकडीचे वर्तन : ‘कॉम्बॅट मिशन’ची एक चिकित्सा

प्रस्तावना

बुद्धिबळात उंट तिरका चालतो. तो तिरकाच का चालतो, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण बुद्धिबळ कोणत्याही प्रत्यक्ष लढाईचे चित्र असल्याचा दावा करीत नाही. युद्धखेळाचे तसे नाही. १९४४ सालच्या नॉर्मंडीतील एखादी वाडी, तिच्याभोवतीची कुंपणे, एक जर्मन पलटण आणि एक अमेरिकन पलटण पडद्यावर उभी करून ‘हे असे घडले असते’ असे तो सुचवितो. त्यामुळे खंदकात सुरक्षित बसलेली तुकडी तोफगोळे पडू लागताच उघड्या मैदानात धावत सुटली, तर पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतोच. हा खेळातील दोष आहे, की युद्धाविषयीची एखादी अप्रिय वस्तुस्थिती? या प्रश्नाचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘कॉम्बॅट मिशन’ या संगणकीय युद्धखेळमालेच्या आधारे केला आहे. सदर मालेचा पहिला खेळ २००० साली प्रसिद्ध झाला. लहान तुकड्यांच्या पातळीवरील लढाई इतक्या गंभीरपणे हाताळणाऱ्या संगणकीय कृती फार नाहीत, म्हणून ही निवड.

उघडी कोष्टके आणि बंद प्रणाली

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियात झाला. थोरल्या राइसवित्झने १८१२ साली राजासाठी तयार केलेल्या खेळाला त्याच्या मुलाने १८२४ साली छापील नियमावलीचे रूप दिले. धाकटा राइसवित्झ तोफखान्यातील अधिकारी होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १:८००० या प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक खेळी, दोन्ही पक्षांचे आदेश स्वीकारणारा पंच, आणि अंतर व फाशाचे दान यांनुसार माऱ्याचा परिणाम सांगणारी कोष्टके अशी त्याची रचना होती. एखाद्या अधिकाऱ्याला आपली तोफ अपेक्षेपेक्षा कमी परिणामकारक वाटली, तर कोष्टकातील आकड्यावर बोट ठेवून तो पंचाशी वाद घालू शकत असे. पुढे १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने फासे व कोष्टके बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असा आग्रह धरला. तेव्हाही निर्णय देणारा माणूस समोर होता. त्याला कारण विचारता येत होते.

जॉन हिल याचा १९७७ सालचा ‘स्क्वॉड लीडर’ हा पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा खेळही याच अर्थाने उघडा होता. मशीनगन असो वा तोफगोळा, तुकडीवर होणारा परिणाम मुख्यतः एकाच कोष्टकातून निघत असे. मनोबल खचलेल्या तुकडीने जवळच्या इमारतीचा वा झाडीचा आश्रय घ्यावा, हेही नियमातच सांगितलेले होते. गोळा कसा फुटतो याचे तपशील देण्यापेक्षा त्याचा अंतिम परिणाम योग्य आला पाहिजे, अशी हिलची भूमिका होती. ती कोणाला मान्य नसेल. परंतु ती काय आहे हे खेळणाऱ्यास ठाऊक असे.

संगणकाने पंच आणि कोष्टक दोन्ही आपल्या पोटात घेतले. ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी आदेश देतात, त्यानंतरचे साठ सेकंद संगणक स्वतः घडवितो आणि त्या अवधीत खेळणाऱ्याला हस्तक्षेप करता येत नाही. सैनिकाने थांबावे, पडून राहावे की पळावे हे त्या मिनिटात प्रणाली ठरविते. तो मिनिट चित्रफितीसारखा कितीही वेळा, कोणत्याही कोनातून पाहता येतो. दृश्य संपूर्ण उपलब्ध, कारण मात्र संपूर्ण अनुपलब्ध, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे. साहित्याच्या समीक्षकासमोर संहिता असते. येथे संहिता कुलूपबंद असल्याने पद्धतशीर चाचणी हाच वाचनाचा एकमेव मार्ग उरतो.

चित्र जितके स्पष्ट, तितका प्रश्न तीव्र

मालेतील पहिल्या तीन खेळांत दहा-बारा जणांची तुकडी तीन आकृत्यांनी दाखविली जात असे. आकृती हे केवळ चिन्ह आहे, हे पाहणाऱ्यास आपोआप कळत असे. २००७ सालच्या ‘शॉक फोर्स’पासून प्रत्येक सैनिक स्वतंत्र दिसू लागला. तेव्हापासून, माझ्या मते, तक्रारींचे स्वरूपच बदलले. समोर एक माणूस दिसतो म्हटल्यावर त्याने माणसासारखे वागावे अशी अपेक्षा निर्माण होते. परंतु प्रणाली अजूनही जमिनीचा विचार आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत करीत असते आणि तुकडीला एका चौकोनातून दुसऱ्यात हलवीत असते.

खंदकाचे उदाहरण येथे बोलके आहे. नॉर्मंडीवरील २०११ सालच्या खेळात खंदक व सैनिकांचे खड्डे शत्रूला आधीच दिसू नयेत यासाठी ते जमीन खणून न दाखविता पृष्ठभागावर ठेवलेल्या वस्तूंच्या रूपात दाखविण्यात आले. शत्रूपासून लपविण्याची अडचण सुटली, पण सैनिक खड्ड्यात असल्याऐवजी मातीच्या कडांआड बसलेला दिसू लागला. त्याला मिळणारे संरक्षण आकड्यात किती आहे, हे चित्रावरून ठरविता येईना. अशा वेळी चार सैनिक जायबंदी झाले, तर दोष चित्राचा, आकड्याचा की नशिबाचा?

तोफखान्याचे कोडे

तोफखान्याविषयीच्या बऱ्याच शंका तोफखान्याच्या ज्ञानाअभावी निर्माण होतात, हे प्रथम नमूद केले पाहिजे. प्रत्यक्षात एकाच तोफेतून एकाच नेमाने सोडलेले गोळे एका ठिकाणी पडत नाहीत. त्यांचा विखुरलेला पट्टा माऱ्याच्या दिशेने लांबट आणि आडव्या दिशेने अरुंद असतो. म्हणून लक्ष्याच्या अलीकडे, त्याच रेषेत असलेल्या आपल्याच तुकडीला बाजूच्या तुकडीपेक्षा अधिक धोका संभवतो. अग्रनिरीक्षकाला लक्ष्य दिसत नसेल तर नेम सुधारण्यासाठी सोडलेले गोळे भरकटत राहतात. यात कोडे काहीच नाही.

जंगलातील हानीचेही तसेच. उघड्या मैदानापेक्षा झाडीत अधिक माणसे पडलेली पाहून नवखा खेळाडू खेळालाच दोष देतो. १९४४ च्या शरद ऋतूत ह्युर्टगेनच्या अरण्यात अमेरिकन सैनिकांनी हाच अनुभव घेतला होता. गोळे झाडांच्या शेंड्यांवर आदळून फुटत, वरून पोलादाचे व लाकडाचे तुकडे बरसत, आणि अशा वेळी जमिनीवर आडवे पडणे, म्हणजे एरवीचा शहाणपणा, घातक ठरे. ‘कॉम्बॅट मिशन’ने हा परिणाम पहिल्यापासून विचारात घेतला आहे आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

खरा वाद उत्पन्न झाला तो २०१६ च्या अखेरीस आलेल्या प्रणालीच्या चौथ्या सुधारित आवृत्तीनंतर. जोरदार माऱ्याखाली पायदळाने जागेवरच मार खात न बसता आपणहून सरकावे, अशी सोय तीत करण्यात आली होती. हेतू योग्यच होता. मारा आपल्यावर अचूक बसला आहे हे कळल्यावर जागा बदलणे हे सैनिकी शहाणपणच आहे. तथापि खंदकात व खड्ड्यांत असलेल्या तुकड्याही आडोसा सोडून बाहेर पडतात, आणि काही वेळा तर शत्रूच्याच दिशेने जातात, असे खेळणाऱ्यांना आढळू लागले. त्यावर दीर्घकाळ चर्चा झाली, अनेकांनी चाचणीसाठी स्वतंत्र रणभूमी रचल्या, आणि नंतरच्या दुरुस्त्यांत हे वर्तन बदलण्यात आले.

या वादात दोन्ही बाजूंनी जो युक्तिवाद झाला तो तपासण्याजोगा आहे. हरणाऱ्याला आपल्या सैनिकांचे पळणे नेहमीच अन्यायाचे वाटते. ही बाजू समजण्यासारखी आहे. दुसरी बाजू अधिक फसवी. ‘युद्ध असेच असते’ असे म्हणून ती क्लाउझेवित्झच्या घर्षणाच्या संकल्पनेचा आधार घेते. युद्धात सोपी गोष्टही अवघड होऊन बसते हे खरेच; परंतु प्रत्येक विचित्र वर्तन या एका शब्दाने समर्थनीय ठरू लागले तर प्रणालीत चूक असणे तत्त्वतःच अशक्य होईल. जे कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही, त्यास प्रतिरूप म्हणता येत नाही.

चाचणी कशी असावी

सुदैवाने या खेळासोबत रणभूमी रचण्याचे साधन मिळते. सपाट जमीन घ्यावी; तीन तुकड्या ठेवाव्यात, एक खंदकात, एक सुट्या खड्ड्यांत, एक उघड्यावर. अनुभव, मनोबल व नेतृत्व यांची मूल्ये सर्वांना सारखी द्यावीत. शत्रूचे पायदळ मुळीच ठेवू नये; अन्यथा तुकडी गोळ्यांमुळे हलली की बंदुकीच्या माऱ्यामुळे, हे सांगता येणार नाही. मग एका वेळी एकच घटक बदलावा : प्रथम ८१ मिलिमीटरची उखळी तोफ, नंतर १०५ मिलिमीटरची तोफ, प्रथम नवखे सैनिक, नंतर मुरलेले. आदेशाच्या टप्प्यावर खेळ जतन करून तोच मिनिट पुनःपुन्हा घडवावा.

किती वेळा, हा प्रश्न बहुतेक चाचण्यांत दुर्लक्षित राहतो. समजा, खंदकातील तुकडी सरासरी पाच माऱ्यांत एकदा बाहेर पडते. तरीही दहा चाचण्यांत ती एकदाही बाहेर न पडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. वीस चाचण्यांत ती एक टक्क्याच्या आसपास येते. उलट, तीस चाचण्यांत एकदाही न दिसलेली घटना प्रत्यक्षात दहापैकी एकदा घडत असण्याची शक्यताही पूर्णपणे मिटत नाही. एकदा घडलेल्या पळापळीचे चित्र दाखवून दोष सिद्ध करणारे आणि ‘माझ्या खेळात असे कधी झाले नाही’ म्हणून तो नाकारणारे, असे दोघेही या हिशेबात सारखेच अडतात. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही; पण खेळाच्या चर्चेत हा साधा हिशेब क्वचितच आढळतो.

दिशेची नोंद तर त्याहून महत्त्वाची. तुकडी हलली की नाही एवढेच टिपणारी चाचणी अपुरी आहे. ती कोठे गेली, तेथे अधिक आडोसा होता की कमी, हे नोंदविल्यावरच चौथ्या आवृत्तीतील दोषाचे स्वरूप दिसू लागते. थांबण्यातील धोका विचारात घेतला जात होता; जाण्यातील धोका त्याच्याशी पुरेसा तोलला जात नव्हता, असा अर्थ त्या वर्तनातून निघतो. रणभूमीवरील माणूस भेदरलेला असला तरी ही तुलना करतो. खंदकाबाहेर सुसाट उडणारे तुकडे हेच त्याला खंदकात धरून ठेवणारे सर्वांत मोठे बंधन असते.

इतिहासाशी ताळा

चाचणीने प्रणाली काय करते हे समजते. तिने काय करावयास हवे होते, हे ऐतिहासिक नोंदीच सांगू शकतात, आणि त्या एकमुखी नाहीत. १९१६ साली सोमच्या लढाईपूर्वी ब्रिटिश तोफखान्याने आठवडाभर सुमारे पंधरा लाख गोळे टाकले. खोल भुयारांतील जर्मन सैनिक त्या माऱ्याखाली पळाले नाहीत. त्यांतील पुष्कळ जण वाचले, आणि १ जुलै रोजी मारा पुढे सरकताच मशीनगनसह वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे सत्तावन्न हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. यावरून आच्छादनातील तुकडी जागा सोडत नाही, असा नियम करावासा वाटतो. प्रतिरूपकाराने येथे खंदकाची खोली आणि छत यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. नॉर्मंडीत घाईने खणलेला खड्डा म्हणजे सोमचे भुयार नव्हे. शिवाय डिसेंबर १९४४ पासून जमिनीवरील लढाईत वापरले गेलेले, लक्ष्याच्या जवळ येताच हवेत गोळा फोडणारे फ्यूज अशा उघड्या खड्ड्याचे संरक्षण बरेच कमी करीत. चाचणीत गोळ्याचा व्यास बदलला आणि फ्यूजचा प्रकार नोंदविला नाही, तर निष्कर्ष अर्धवट राहतो.

दुसरे उदाहरण अधिक अडचणीचे आहे. १३ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी सेदाँच्या परिसरात दिवसभर बाँबफेक केली. त्या संध्याकाळी ब्युल्सों येथे फ्रान्सच्या ५५ व्या पायदळ डिव्हिजनमध्ये प्रचंड पळापळ झाली. तिचा आरंभ नदीकाठी थेट हल्ला झेलणाऱ्यांपेक्षा मागच्या भागात, तोफखान्याच्या माणसांत अधिक दिसतो. शत्रूचे रणगाडे आले, अशी बातमी पसरली होती. जर्मन रणगाड्यांनी तेव्हा नदी ओलांडलेलीही नव्हती.

‘कॉम्बॅट मिशन’मधील तुकडीचे मनोबल तिच्यावरील माऱ्यावर, तिच्या हानीवर, नेत्याच्या सान्निध्यावर हलते. अफवेला तेथे जागा नाही. खंदक, खड्डा आणि मोकळी जमीन यांवर रचलेल्या वरील चाचण्या तीसऐवजी तीनशे वेळा केल्या तरी ही उणीव त्यांत उघड होणार नाही. कारण जी तुकडी अफवेने पळायला हवी होती ती आपल्या जागी शांत बसलेली दिसेल, आणि शांत बसलेल्या तुकडीविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही. या मालेची एक व्यावसायिक आवृत्ती ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाच्या विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेने विश्लेषणासाठी स्वीकारली आहे. तेथे खेळ हरणारा चिडलेला खेळाडू नसतो. त्यामुळे खंदक सोडून धावणाऱ्या सैनिकांपेक्षा, न धावणाऱ्या या सैनिकांची चाचणी कशी रचावी, हा प्रश्न तेथे आधी सोडवावा लागेल.