पटलावरोधाचे नियम आणि डी. एन. ए.
स्थिर दाबाखालील गाळणात पटल कसे बुजते, याचे चार नियम हर्मिया यांनी १९८२ साली एकाच समीकरणात गोवले. केवळ घातांक बदलतो : २, १.५, १, ०. समीकरणाचे लाघव निर्विवाद आहे. तथापि त्यात गृहीत धरलेला कण आपला आकार न सोडणारा आहे. डी. एन. ए. तसा नव्हे. जेमतेम २ नॅनोमीटर जाडीचा हा लवचिक धागा रंध्रमुखाशी प्रवाहाच्या ओढीने ताणला जातो व आपल्या वेटोळ्याहून पुष्कळ अरुंद रंध्रातूनही पार होतो. काही रेणू मात्र मुखाशीच अडकतात. प्रवाहवेग वाढविला तर अधिक रेणू पलीकडे जातात, हे तर चाळणीच्या न्यायाला सोडूनच झाले. तेव्हा आलेखावरून घातांक २ आला, एवढ्यानेच ‘पूर्ण अवरोध’ सिद्ध झाला असे मानणे घाईचे होय. अडकलेले रेणू उलट प्रवाहाने सुटतात काय, हे आधी तपासावयास हवे.