बापाचा हात आणि गावाचा हात

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे उदंड लिहिले गेले. गावकुसाबाहेरचे जगणे, मेलेले ढोर, भूक, शाळेतला अपमान यांची नोंद समीक्षेने घेतली. परंतु या आत्मकथनांतील घराविषयी ती अजूनही दबक्या आवाजात बोलते. घर म्हणजे केवळ झोपडी आणि चूल नव्हे. घर म्हणजे पिऊन येणारा बाप, मार खाणारी आई, भाकरीचा हिशेब ठेवणारा मेहुणा, नाव न देणारा जन्मदाता. या माणसांमध्ये वाढणाऱ्या पोराच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत.

मी पेणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि रोह्याहून रोज दिव्याच्या गाडीने जातो-येतो. माझ्या वर्गात बौद्धवाडीतली, आगरी पाड्यांवरची आणि एखाद-दुसरे कातकरी वाडीतले पोर असते. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. 'बलुतं' शिकवत असताना एका मुलाने विचारले, "सर, बापाबद्दल असं लिहावं का?" मागच्या बाकावरून एक मुलगी पटकन म्हणाली, "मंग मार खाल्ला त्यानं काय करायचं?" या दोन वाक्यांत दलित आत्मकथनाच्या समीक्षेचा अर्धा पेच आला आहे.

मराठी वाचकाच्या मनातले आदर्श बालपण कोणते, हे आधी पाहू. ते 'श्यामची आई'मधले आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातही दारिद्र्य आहे, कर्ज आहे, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस आहे. आई श्यामला मारतेही. पण त्या माराला अर्थ आहे, आणि तो अर्थ मुलाला व वाचकाला कळतो. घराची पत गेली तरी घराचा आधार जात नाही. याच पुस्तकात मोळी घेऊन जाणारी एक महार म्हातारी येते. आई श्यामला तिची मोळी डोक्यावर चढवून द्यायला सांगते आणि मग अंघोळ करायला सांगते. गुरुजींच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती म्हातारी मोळी घेऊन कोणत्या घरी गेली, तिथे तिची वाट पाहणारे पोर कोणत्या मनःस्थितीत होते, हे त्या पुस्तकाला ठाऊक नाही. ते सांगणारी पुस्तके मराठीत यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातला बाप मुंबईच्या गोदीत राबणारा, पोरावर जीव असलेला आणि दारूने पोखरलेला आहे. पवार त्याला देव करीत नाहीत आणि राक्षसही करीत नाहीत. दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसवून त्यांनी ही कहाणी सांगितली. ही रचना मला फार महत्त्वाची वाटते. शिकलेला माणूस बोलतो तेव्हा दगडू समोर बसलेला असतो, त्यामुळे त्याला खोटे बोलणे अवघड जाते. बापाची उलटतपासणी झाल्यावर लेखक स्वतःलाही मोकळे सोडत नाही. पत्नी सईशी झालेल्या ताटातुटीत आपला वाटा कोणता, हेही तो मांडतो. बापाकडून मुलाकडे काय आले याचा हा हिशेब आहे, आणि तो 'व्यवस्था' या एका शब्दात बसत नाही.

प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये तर आईबापच नाहीत. पोरका मुलगा बहिणीच्या आश्रयाने वाढतो. आश्रय देणारे घरच इतके उपाशी की एका जादा तोंडाचे ओझे कोणाला ना कोणाला बोचतेच. तिथे प्रेम आणि वैताग एकाच ताटात वाढले जातात. सोनकांबळे आवाज चढवत नाहीत. या संयमाला आपल्या विद्रोहवादी समीक्षेने पुरेसा न्याय दिला नाही असे माझे मत आहे.

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे या प्रश्नाचे सर्वांत उघडे रूप. बारा माशांचा एक तोळा. अकरा माशांचा तो कमअस्सल. आई मसामाय महार, जन्मदाता सवर्ण पाटील. शाळेच्या कागदावर बापाचे नाव काय लिहावे, इथून पोराची कोंडी सुरू होते. रक्ताचा बाप नाव देत नाही. पण आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान म्हातारा त्याला माया देतात. ज्या घराला जात, धर्म आणि लग्न यांपैकी कशाचीही मान्यता नाही, त्याच घरात हे पोर जगते. कुटुंबसंस्थेची थोरवी गाणाऱ्यांनी यावर विचार करावा. आणि आपणही करावा. कारण लग्नाची वेळ आली तेव्हा 'अक्करमाशी' हा शिक्का महारवाड्यालाही आठवला. शुद्धतेचे वेड खालपर्यंत झिरपले होते.

इथे आक्षेप येतो. आपल्या घरातली भांडणे चव्हाट्यावर आणून आपण प्रस्थापितांच्या हाती कोलीत देत नाही काय? हा आक्षेप केवळ आपल्याकडचा नाही. रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' १९४५ साली आले तेव्हा डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांच्यासारख्या थोर निग्रो विचारवंतानेही त्याविषयी नाराजी दाखवली होती. राइट यांचा बाप बायकामुलांना उपाशी टाकून निघून गेला. पुष्कळ वर्षांनी तोच बाप त्यांना मिसिसिपीत, दुसऱ्याच्या जमिनीत राबताना भेटला. मळ्याने या माणसाचे काय केले हे मुलाला तेव्हा उमगले. मात्र भुकेची जबाबदारी त्याने पुसून टाकली नाही. समजून घेणे आणि माफी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे. गावाने दिवसभर बापाला ठोकरले, हे खरे. त्या ठोकरीतून दारू आली, दारूतून मार आला, हेही खरे. पण रात्री पोराच्या पाठीवर पडलेला हात बापाचा होता. जी समीक्षा फक्त गावाचा हात दाखवते ती पोराचे दुःख चोरते. जी फक्त बापाचा हात दाखवते ती गावाला निर्दोष सोडते. ही पुस्तके मोठी आहेत ती दोन्ही हात एकाच वेळी दाखवतात म्हणून.

बायकांच्या लेखनाने ही तपासणी आणखी पुढे नेली. पुरुषांच्या आत्मकथनांत आई बहुधा सोसणारी, राबणारी मूर्ती होते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या सासुरवासाचे क्रौर्य उघडे केले. आणि ते लिखाण त्यांना सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवावे लागले होते. हे लपवणे हीच त्या पुस्तकावरची पहिली टीका आहे. आमच्या कोकणातल्या ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले. बाप लहानपणी गेलेला, आई बांबूची आयदाने विणून घर चालवणारी आणि गेलेल्या मुलाचे दुःख उराशी धरून बसलेली. ती आई कडू आहे, तुटक आहे. पवार तिला गोड करीत नाहीत. पुढे स्वतःचा मुलगा गेल्यावर त्यांना तिचे विणणे कळते.

आमच्या जिल्ह्यातले एक वेगळे उदाहरण सांगतो. १९२७ च्या महाड सत्याग्रहाचे एक संघटक, दासगावचे कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी आत्मकथन लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुढची कहाणी लिहून ते पुरे केले. २०१९ मध्ये ते इंग्रजीतही आले. बापाने चळवळीला वाहून घेतले की घराच्या वाट्याला काय उरते, हे मुलानेच लिहावे यात एक न्याय आहे. कार्यकर्त्यांच्या घरांतली बालपणेही तपासायला हवीत. जयंतीच्या भाषणांत ती येत नाहीत.

आणि काही बालपणे अजून कागदावरच आलेली नाहीत. पेण, रोहे, सुधागड या तालुक्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरांची शाळा मध्येच तुटते. भट्टीवर बाप मालकाचा देणेकरी असतो आणि पोर बापाच्या कर्जाचे मजूर. त्या पोराला बापाविषयी काय वाटते? राग, दया की दोन्ही? आपण 'आदिवासींचे शोषण' असे म्हणून मोकळे होतो.

उद्या त्यातले एखादे पोर लिहील. ते भट्टीमालकाविरुद्ध लिहील तेव्हा आपण टाळ्या वाजवू. ते बापाविरुद्ध, आईविरुद्ध, कदाचित आपल्यासारख्या शिकलेल्यांविरुद्धही लिहील. तेव्हा त्याला 'समाजाची बदनामी करू नकोस' असे सांगणारे पहिले आपण असता कामा नये. दलित समीक्षेने ही तयारी आजच केली पाहिजे.