गुलामगिरीचे साहित्यातील चित्रण

माणसाचे माणूसपण नाकारून त्याला मालकीची वा केवळ सेवेची वस्तू मानणाऱ्या व्यवस्थेचे वाङ्‌मयीन दर्शन. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यावरील लेखन हा या वाङ्‌मयाचा समृद्ध भाग होय. मराठीत त्याला समांतर असे लेखन अस्पृश्यतेच्या संदर्भात झाले.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या अंकल टॉम्स केबिन (१८५२) या कादंबरीने वाचकांची करुणा जागविली. तथापि तिच्यातील सोशिक टॉम हा मुख्यत्वे दयेचाच विषय राहतो. फ्रेडरिक डग्लस (१८४५) व हॅरिएट जेकब्झ (१८६१) या पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या आत्मकथनांत मात्र दास्य आतून दिसते. गुलामाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसणे, त्याला अक्षरओळखीची बंदी असणे, स्त्रीच्या देहावर मालकाने हक्क सांगणे अशा तपशिलांतून अमानुषीकरणाची प्रक्रिया उलगडते. टोनी मॉरिसन यांच्या बिलव्हेड (१९८७) या कादंबरीला मार्गारेट गार्नर हिने १८५६ मध्ये मुलीला दास्यात परत जाऊ देण्याऐवजी ठार केल्याच्या घटनेचा आधार आहे.

मराठीत फुले यांच्या शाळेतील मुक्ताबाई या मातंग विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात प्रसिद्ध झाला. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा संवादरूप ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. त्यातील पुराणकथांचा अन्वयार्थ इतिहास म्हणून विवाद्य ठरला, तरी धर्म म्हणून स्वीकारल्या गेलेल्या व्यवस्थेला दास्य हे नाव देणे, हे त्याचे चिरस्थायी कार्य होय. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना केली. गुलाम ही किंमत असलेली मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ असे. अस्पृश्याच्या वाट्याला तेवढेही संरक्षण नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच असलेला गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर दलित लेखनातील विनवणीचा सूर मागे पडून स्वाभिमानाचा सूर प्रबळ झाला. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे प्रभृतींनी, तेव्हा ‘निग्रो साहित्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखनाचा मराठी वाचकांना परिचय करून दिला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावही अमेरिकी ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेले होते.

हे साम्य मर्यादितच आहे. गुलामाच्या आत्मकथनात उत्तरेकडील मुक्त प्रदेशाकडे पलायन असते व सीमा ओलांडणे हा कथनाचा उत्कर्षबिंदू ठरतो. दलित आत्मकथनाला अशी उत्तर दिशा नाही. गाव सोडले, तरी जात सोबत येते. म्हणूनच बाबुराव बागूल यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत जात लपविणे हेच संकट बनते. तर दया पवार यांच्या बलुतं (१९७८) मध्ये दगडू आणि दया असे निवेदकाचे दुभंगलेले रूप आढळते. हा दुभंग रचनेचा दोष नव्हे. अनुभवाचेच ते रूप आहे.

केवळ अत्याचारांची यादी दिल्याने अमानुषीकरणाचे चित्रण पूर्ण होत नाही. पीडिताचे मन त्याने कसे घडविले वा बिघडविले, हे दाखवावे लागते. बेबी कांबळे यांनी जिणं आमुचं (१९८६) मध्ये स्वसमाजातील सुनांच्या छळाचेही निर्भीड वर्णन केले आहे. स्वकीयांनाही न वगळणारी ही सत्यनिष्ठा बिलव्हेडमधील मातेच्या चित्रणाशी नाते सांगते. पीडितास निर्दोष प्रतीक न करता गुणदोषांसह माणूस म्हणून उभे करणे, हेच त्याच्या हिरावलेल्या माणुसकीचे वाङ्‌मयीन प्रत्यर्पण होय.