पिवळ्याखालचं लोखंड

जुनं पोकलेन नव्यानं रंगवून उभं केलं की बघणाऱ्याची नजर आधी बूमच्या रुंद पत्र्यावर जाते. तिथं पाहून फारसं काही कळत नाही. सपाट पत्र्यावर कुणाचाही हात बरा बसतो. रंगाऱ्याची परीक्षा होते ती कडांवर, वेल्डच्या रेघांवर, बोल्टच्या डोक्यांमागे आणि ट्रॅक फ्रेमच्या आतल्या अंगाला, जिथं स्प्रे गन नीट पोचत नाही आणि गिऱ्हाईक वाकून बघत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाहिलेलं वीस टनी पोकलेन मला आवडलं ते याच कारणानं. ट्रॅकच्या आत हात घालून पाहिलं तरी रंग तेवढाच भरीव लागत होता. त्या रंगकामाचं अंदाजपत्रकही मालकानं मला दाखवलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. एक कागदावर आहे, दुसरं लोखंडावर, एवढाच फरक.

जालना जिल्ह्यात अशी यंत्रं का जमतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोरडवाहू मुलूख. तलावातला गाळ काढायला, शेततळं खोदायला, नाला खोल करायला पोकलेन आणि जेसीबी लागतातच. त्यात समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तोवर इथली जमीन यंत्रांच्या पात्यांखाली होती. अशा कामावरून सुटलेलं यंत्र पुढच्या कामाला किंवा पुढच्या मालकाकडे जाण्याआधी रंगाला येतं. येतं तेव्हा त्याच्या अंगावर मराठवाड्याची काळी माती असते. ओली असताना ही माती चिकटते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ट्रॅक फ्रेमच्या कोपऱ्यात ग्रीससोबत वाळून बसलेली काळी माती छिन्नीनं काढावी लागते. अंदाजपत्रकाची पहिली ओळ याच मातीची आहे.

त्या कागदावर सहा ओळी होत्या: धुलाई, सफाई, वेल्डिंग, प्रायमर, कलर, स्टिकर. सगळ्यात मोठा आकडा ‘सफाई’समोर होता आणि ‘कलर’चा आकडा त्याच्या बराच खाली. मला हा कागद प्रामाणिक वाटला तो या उतरंडीमुळे. ज्या कागदावर ‘डेंटिंग-पेंटिंग पूर्ण’ अशी एकच ओळ आणि एकच ठोक रक्कम असते, तो वाचायला सोपा असतो, पण त्यात सफाईला किती दिवस मिळणार हे कुठंच नसतं.

रंग किती लागतो याचा हिशोब अवघड नाही. रंगात घन भाग निम्मा असेल आणि सुकल्यावर 50 मायक्रॉनचा थर हवा असेल, तर एक लिटर रंग 10 चौरस मीटर झाकतो. रंगवायचा पत्रा 100 चौरस मीटर धरू. म्हणजे 10 लिटर. स्प्रेमध्ये तिसरा हिस्सा हवेत जातो असं मानलं तर 15. प्रायमरमध्ये घन भाग 60 टक्के आणि थर 75 मायक्रॉनचा धरला, तर त्याच हिशोबानं 19 लिटरच्या आसपास. दोन्ही मिळून 34. वीस लिटरच्या दोन बादल्यांत वीस टनांचं यंत्र झाकून होतं! रंगासाठी एवढे पैसे कशाला, असं ज्याला वाटतं त्यानं हा आकडा पाहावा. पैसे रंगाला लागत नाहीत. रंग टिकेल अशी जागा तयार करायला लागतात.

ती तयार करायचे मार्ग मोजकेच. ग्राइंडरला कप ब्रश लावून घासायचं. हे स्वस्त, पण गंज खड्ड्याच्या तळाशी राहतो आणि वरचं लोखंड नुसतं चकचकीत होतं. पेंट रिमूव्हर लावून जुना रंग फुगवायचा. यातल्या मेथिलिन क्लोराइडवाल्या जाती इतक्या घातक, की अमेरिकेनं 2019 मध्ये घरगुती गिऱ्हाइकाला त्या विकणं बंद केलं. किंवा ब्लास्टिंग: दाबाच्या हवेनं कठीण बारीक कण पत्र्यावर मारायचे. ब्लास्टिंग झालेला पत्रा करडा, एकसारखा खरखरीत दिसतो. डोळ्यांना न दिसणारे, 50 ते 75 मायक्रॉनचे उंचवटे-खळगे त्यावर तयार होतात आणि प्रायमर त्यांनाच धरून बसतो. खर्च मात्र हवेचा. 10 मिलिमीटर नोझलला सात बार दाबानं मिनिटाला सुमारे 200 घनफूट हवा लागते. ती पुरवणारा कॉम्प्रेसर दिवसभर डिझेल पीत राहतो. शिवाय कण मारण्याआधी तेल-ग्रीस पूर्ण निघालेलं हवं. नाहीतर ते तेल प्रत्येक कणासोबत लोखंडात ठोकलं जातं आणि पुढं रंगाला ठिकठिकाणी डोळे पडतात. धुलाईची ओळ सफाईच्या आधी येते ती यासाठी. तिथं पैसे वाचवले तर पुढच्या पाचही ओळी बिघडतात.

या शेडमधल्या माणसांनी बूम, आर्म आणि बकेट उतरवून त्यांनाच ब्लास्टिंग केलं. वरच्या धडाला, जिथं इंजिन, वायरिंग आणि हायड्रॉलिक पंप आहे, तिथं हातानं घासलं. सिलिंडरच्या क्रोम रॉडवर चुकून एक फवारा गेला तर सील जाते, आणि स्लूइंग बेअरिंगमध्ये कण शिरले तर यंत्रच जातं. काय ब्लास्ट करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे ठरवण्यात अनुभव दिसतो. रॉडवर पॉलिथिनचे तीन-तीन वेढे होते आणि टोकाला चिकटपट्टी दोनदा फिरवलेली. त्या वेढ्यांची मजुरीही ‘सफाई’तच मोडते.

इथं एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरण्याचा मोह होतो, कारण ती ग्रिट किंवा कॉपर स्लॅगपेक्षा हाताशी असते. पण वाळू फुटते तेव्हा सिलिकाची जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. ब्रिटननं 1949 मध्येच कारखान्यांत ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला बंदी घातली. ज्या अंदाजपत्रकात सफाई फार स्वस्त दिसते, तिथं फरकाचे पैसे नोझल धरणाऱ्या पोराच्या छातीतून वसूल होत असतात. या शेडमध्ये स्टील ग्रिट होती. ती पुन्हा पुन्हा चाळून वापरता येते. पहिल्यांदा महाग पडते, नंतर पडत नाही. नोझलवरच्या माणसाच्या डोक्यावर हवेची नळी जोडलेलं टोप होतं. कारागिरीचं कौतुक करताना मी हे टोप त्यातून वगळू शकत नाही.

आता पिवळा. कॅटरपिलरची यंत्रं 1931 पर्यंत करडी होती. त्या वर्षाच्या शेवटी कंपनीनं पिवळा घेतला, आणि आज पिवळं दिसलं की लहान मुलंही जेसीबी ओळखतात. रंगाऱ्याच्या दृष्टीनं हा अवघड रंग आहे. जुन्या पिवळ्या-केशरी औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट असे. ते एका हातात झाकायचं आणि उन्हात टिकायचं, पण त्यात शिसं होतं. आपल्याकडं 2016 च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घातली. औद्योगिक रंग त्या नियमांच्या बाहेर राहिले. म्हणून जुना पिवळा कोरडा घासताना उडणारी धूळ विषारी धरूनच वागावं. आणि बिनशिशाचा नवा पिवळा बरोबर उलटा: अंगाला शिशाचा धोका नाही, पण झाकायला कमजोर. करड्या प्रायमरवर दोन हात मारले तरी खालून हिरवट झाक येते. या पोकलेनवर पिवळ्याच्या आधी पांढऱ्याचा एक पातळ थर होता. केबिनच्या दारामागं, जिथं मास्किंगची पट्टी जरा सरकली होती, तिथं तो केसाएवढा दिसत होता. म्हणूनच पिवळा इतका स्वच्छ आणि भरलेला दिसत होता. कागदावर या पांढऱ्याची वेगळी ओळ नव्हती. रंगाऱ्यानं तो ‘कलर’मध्येच धरला होता.

तिसरी ओळ, वेल्डिंग, ही सफाईची देणगी. जुना रंग उतरला तेव्हा आर्मच्या बुडाशी, पिनच्या बॉसजवळच्या वेल्डमध्ये एक बारीक भेग निघाली. रंगावर रंग चढवला असता तर ती आणखी एका थराखाली गेली असती आणि कधीतरी भरल्या बकेटसकट उघडली असती. सेकंडहँड यंत्राचे जाणते खरेदीदार ताज्या रंगाकडं संशयानं बघतात ते उगाच नाही. भेग पुट्टीनं बुजवून वर पिवळा मारणं फार सोपं आहे. इथं भेग खोदून नव्यानं वेल्ड भरलेला होता, आणि मला सर्वांत भावलं ते हे, की तो वेल्ड घासून गुळगुळीत केलेला नव्हता. त्याच्या लाटा रंगाखाली तशाच राहू दिल्या होत्या. पुढच्या गिऱ्हाइकानं बोट फिरवावं आणि इथं दुरुस्ती झाली आहे हे त्याला कळावं.

बकेटच्या कडेला नवी प्लेटही लावली होती. नव्या प्लेटवर निळसर काळी पापुद्र्याची कात असते. जालन्यात तिला स्केल म्हणतात आणि ती ओळखायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटमधून सळ्या काढणाऱ्या इथल्या रोलिंग मिलमध्ये लाल लोखंडावरून हीच स्केल झडते. नवी, गुळगुळीत, घट्ट दिसणारी ही स्केल रंगाऱ्याला फसवते. तिला तडा गेला की ओलाव्यात उघडं पडलेलं लोखंड स्केलच्या तुलनेत लवकर झिजतं, खोल खड्डा पडतो आणि रंग पापुद्र्यासकट उचलला जातो. ‘नवीन माल आहे, डायरेक्ट प्रायमर मारा,’ हे वाक्य मी अनेक शेडमध्ये ऐकलं आहे. या बकेटच्या प्लेटवरची स्केल काढलेली होती. तिचा खरखरीतपणा बाकीच्या बकेटशी जुळत होता.

कडांकडे वळतो. ओला रंग धारदार कडेवरून मागं सरकतो, तिथं थर सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जाणता रंगारी स्प्रेच्या आधी ब्रश घेऊन प्रत्येक कडेवर, वेल्डवर, बोल्टवर प्रायमरचा पट्टा ओढतो. कंटाळवाणं काम, अर्धा दिवस जातो, आणि वर स्प्रे बसला की दिसेनासं होतं. तिरप्या उजेडात बूमच्या खालच्या कडेला ब्रशच्या केसांच्या रेषा किंचित उठून दिसत होत्या. या सगळ्या कामातली माझी सर्वांत आवडती जागा तीच. बूमच्या वरच्या पत्र्यावर मात्र एका ठिकाणी रंग मोसंबीच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा झाला होता. मोसंबीच्या जिल्ह्यात उपमा शोधायला लांब जावं लागत नाही. कारण उघड होतं. काम मे महिन्यातलं, पत्रा दुपारी तापलेला, रंग पसरायच्या आत सुकला. दोन पॅकचा पॉलियुरेथेन एकदा मिसळला की उन्हात त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं. पहाटे मारायला हवा होता.

पावसाळ्यात याच्या उलट अडचण. हवेतला दमटपणा 85 टक्क्यांवर गेला किंवा पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम नसला, तर रंग मारू नये. ब्लास्ट केलेलं लोखंड चार तासांत प्रायमरखाली गेलं पाहिजे असा दंडक आहे. जालन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो थोडा ताणला तर चालतो, ऑगस्टमध्ये नाही. साधा सिंथेटिक एनॅमल या पॉलियुरेथेनच्या मानानं स्वस्त, पण इथल्या उन्हात त्याची चकाकी लवकर जाते आणि हात फिरवला की पिवळी भुकटी लागते. पॉलियुरेथेन टिकतो, मात्र त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडतो. तोंडाला गमछा बांधून तो मारणं म्हणजे स्वतःवर घाव घालणं. ब्लास्टिंगवाल्याला टोप देणाऱ्या शेडमध्ये स्प्रे मारणारा मात्र गमछ्यावर होता, हे मला खटकलं आणि मी ते बोललो.

सर्वांत मोठा खर्च कागदावर नव्हताच. यंत्र उभं राहतं त्या दिवसांचा. तासाला हजार रुपये भाडं आणि दिवसाला आठ तास धरले, तर सात दिवसांत 56 हजार रुपये बुडतात, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. मालक घाई करतो ती इथून, आणि घाईत पहिला बळी सफाईचा जातो. जगातल्या मोठ्या कामांनाही हाच हिशोब चुकला नाही. स्कॉटलंडमधला 1890 चा फोर्थ पूल शंभर वर्षं थरावर थर चढवून सांभाळला गेला. शेवटी जुने थर लोखंडापर्यंत उतरवून नवा रंग द्यायला जवळपास दहा वर्षं लागली, काम 2011 च्या अखेरीस संपलं आणि खर्च 13 कोटी पौंडांच्या घरात गेला.

एका बाबतीत मी रंगाऱ्याशी वाद घातला. स्टिकरच्या ओळीत त्यानं कंपनीची छापील अक्षरं लावली होती, ती नीटच होती. पण मागच्या काउंटरवेटवर मालकाच्या आग्रहावरून हातानं रंगवलेलं देवीचं नाव एनॅमलमध्ये होतं, पॉलियुरेथेनमध्ये नाही. त्याचं म्हणणं, ब्रशला एनॅमल वळतो, पॉलियुरेथेन वळत नाही. ते खरं आहे. तरी पिवळा चांगला असताना नाव आधी विटणार. वरून पारदर्शक पॉलियुरेथेनचा एक हात फिरवा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, एनॅमल आधी पूर्ण वाळू द्यावा लागेल, नाहीतर खालची अक्षरं सुरकुततील, आणि तेवढे दिवस मालक यंत्र ठेवणार नाही. सिरियल नंबरची पितळी पाटी मात्र त्यानं रंग लागू न देता झाकून ठेवली होती. काम संपल्यावर पट्टी काढली तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक आकडा वाचता येत होता.