चाच्यांचा खजिना कोणाचा?

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८१-८२मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली आणि १८८३मध्ये पुस्तकरूपाने आली. कुबडी, खांद्यावरचा पोपट, नकाशावरची फुली ही चाच्यांची ओळखीची चिन्हे या कादंबरीनेच सिनेमांपर्यंत पोहोचवली. पुरलेला खजिना मुळात कोणाचा, हा प्रश्न मात्र तीत उभा राहत नाही. या संपत्तीपायी किती रक्त सांडले असेल, असा विचार जिमच्या मनात क्षणभर येतो. लुटले गेलेल्यांना नाव-गाव मिळत नाही.

तरीही दोन ठिकाणी त्यांचा माग लागतो. सिल्व्हर सांगतो, की गोव्याहून निघालेले ‘व्हाइसरॉय ऑफ द इंडीज’ हे जहाज लुटले गेले तेव्हा त्याचा पोपट तिथे होता. १७२१मध्ये गोव्याचा मावळता पोर्तुगीज व्हाइसरॉय ज्या जहाजाने मायदेशी परतत होता, ते चाच्यांनी रीयुनियन बेटापाशी खरोखरच पकडले होते. त्या घटनेचाच हा पडसाद असावा. पुढे खजिन्यातली नाणी निवडताना जिमला काही पौर्वात्य नाणीही सापडतात. त्यांवरची अक्षरे त्याला कोळ्याच्या जाळ्याच्या तुकड्यांसारखी दिसतात. जी लिपी जिमला वाचता येत नाही, ती वाचणाऱ्यांकडूनच ती नाणी आलेली होती.

अशा एका लुटीचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. सप्टेंबर १६९५मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मोखाहून सुरतेला येणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज पकडले. जहाजावर हजचे यात्रेकरू होते. इतिहासकार खाफीखान लिहितो, की भारतीय माल मोखा-जेद्दाला विकून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी त्यावर होते, आणि अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, तर काहींनी शस्त्राने जीव दिला. संतापलेल्या बादशाही अधिकाऱ्यांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकले.

एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्या काही साथीदारांवर १६९६मध्ये लंडनला खटला चालला. ‘गंज-इ-सवाई’ लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. मग स्वतःचेच इंग्रज जहाज पळवल्याचा दुसरा खटला भरला गेला, त्यात ते दोषी ठरले आणि पाच जणांना फाशी झाली. कोणाच्या नुकसानीला किती किंमत, हे त्या दोन निकालांतून कळते.

लोकप्रिय साहित्याने याच्याही पुढे मजल मारली. १७०९च्या एका पुस्तिकेत एव्हरी मोगल राजकन्येशी लग्न करून मादागास्करचा राजा होतो. १७१२मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवर ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक आले. त्यात औरंगजेबाची नात चाच्यांच्या राजाची बंदिवान असते आणि तो तिच्यावर भाळतो. समुद्रात उडी घेणाऱ्या स्त्रीची अशा रीतीने प्रेमकथेतली नायिका झाली. १७२४च्या ‘जनरल हिस्टरी ऑफ द पायरेट्स’ या ग्रंथाने ही राज्याची दंतकथा खोडून काढली; एव्हरी कफल्लक होऊन मेला, असे त्यात म्हटले आहे. स्टीव्हन्सनने हाच ग्रंथ वापरला होता.

लंडनच्या छापखान्यांत उलट दिशेचे रूपांतरही घडत होते. १७३७मध्ये क्लेमेंट डाउनिंगचे भारतीय युद्धांवरचे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकातच आंग्रे ‘चाचा’ ठरला आहे. कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचा सरखेल होता. शाहू छत्रपतींशी त्याचा करार झाला आणि १७१३मध्ये मुंबईच्या इंग्रजांनीही त्याच्याशी तह केला. त्याचा परवाना न घेणारी जहाजे त्याचे आरमार पकडत असे. त्यात व्यापारी बुडाले, हे नाकारता येत नाही. पण परवान्याची सक्ती पोर्तुगीजांनी त्याच्या कितीतरी आधीपासून या समुद्रावर चालवली होती, आणि पोर्तुगीज सत्तेला कोणी चाचेगिरी म्हटले नाही.

म्हणजे एकाच बाजारात लुटारूचा राजा झाला आणि सरखेलाचा लुटारू. आपण बहुधा यातल्या दुसऱ्या अन्यायावरच चिडतो. मला पहिला अधिक घातक वाटतो. आंग्र्यांची बाजू मांडायला मराठी इतिहासकार उभे राहिले. ‘गंज-इ-सवाई’वरच्या स्त्रियांची बाजू मांडायला खाफीखानाच्या मोजक्या ओळींपलीकडे फारसे काही नाही. शिवाय चाच्यांच्या गोष्टीची गोडीच त्यांच्या विस्मरणावर उभी आहे. मालक आठवला, की खजिना ही चोरी ठरते आणि जिमचे साहस चोरीच्या मालाची वाटणी होऊन बसते.

स्टीव्हन्सनचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. सिल्व्हर इतका लाघवी आणि इतका क्रूर आहे, की वाचक त्याच्यावर लोभ करतो आणि त्याला भितोही. ही दुहेरी भावना पुढच्या चाचेपटांना क्वचितच साधली. त्यांनी लाघव तेवढे उचलले. मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. फक्त नाण्यांचे ते प्रकरण आले, की थोडे थांबून त्यांना विचारावे: ही अक्षरे कोणाला वाचता आली असती?